शनी कुठाय, दाजी?

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय कळवला, 'अंधार'. मी सोलापूर शहरात राहतो. आमच्या गल्लीत रात्री दोन वाजता गच्चीवर बसून वर्तमानपत्र वाचता येतं, इतका उजेड महापालिकेने दिला आहे. अंधार बघायचा तर गावाबाहेर जाणं भाग होतं. वळसंगला माझी मावसबहीण दिली आहे. तिला फोन केला, तर ती म्हणाली, "दादा, शिवरात्रीला ये. त्या दिवशी सगळे जागेच असतात आणि चंद्रही नसतो."

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की शहर मागे पडतं आणि काळी, सपाट, झाडं बेताची असलेली जमीन सुरू होते. दक्षिण सोलापूर तालुक्यातलं हे गाव महाराष्ट्राला माहीत आहे ते बाबासाहेब आंबेडकर जिचं पाणी प्यायले त्या विहिरीमुळे. घराघरात कानडी आणि मराठी एकाच वाक्यात बोलली जाते. मी पोचलो तो २६ फेब्रुवारी २०२५ चा दिवस. ज्वारीची काढणी चालू होती आणि बहिणीच्या घरी उपासाची रताळी शिजत होती.

दाजींना माझ्या येण्याचं कारण कळल्यावर त्यांनी टोपी मागे सरकवली. "पाव्हणं, वर बगायला एवढ्या लांबनं आलाव? वर तर तुमच्यातबी असतंय की."

त्यांच्या आई, ज्यांना सगळं घर अव्वा म्हणतं, वेगळ्याच काळजीत होत्या. एका नातवाची रास मेष. २९ मार्चला शनी मीन राशीत जाणार, त्याची साडेसाती सुरू होणार, असं त्यांना दोन जणांनी सांगितलं होतं. तेल घालायचं, शनिवार धरायचे, एकदा शिंगणापूर करायचं, असा सगळा बेत ठरलेला होता. मी सहज विचारलं, "पण शनी आहे कुठं, दाजी?"

दाजींनी हात केला. "मारुतीच्या देवळामागं. लहानसंच हाय देऊळ."

मी आभाळातला शनी विचारला होता. पण तो कुठे आहे हे त्या घटकेला मलाही सांगता आलं नसतं.

दिवेलागणीची हजेरी

दाजींचं रान गावापासून दीड-दोन किलोमीटर आत आहे. आम्ही साडेसहाला निघालो. सूर्य नुकताच टेकला होता. मी, दाजी, नववीतली भाची आणि कारण नसताना मागे लागलेला कुत्रा. सोबत एक जुनी ७×५० ची दुर्बीण, म्हणजे सातपट मोठं दाखवणारी आणि पन्नास मिलिमीटरच्या भिंगांची. नवशिक्याने एवढीच घ्यावी असं जाणकार सांगतात. दुर्बीण घेण्याआधी महिनाभर नुसत्या डोळ्यांनी बघावं असंही सांगतात, पण ते कुणी ऐकत नाही.

पहिला दिसला तो शुक्र. खरं तर तो शोधावाच लागला नाही. पश्चिमेला, अजून निळ्या असलेल्या आभाळात, एकही तारा उमटला नसताना तो लख्ख होता. डोक्यावर, अगदी मान मोडून बघावं लागेल तिथे, दुसरा: गुरू. पूर्वेकडे तिसरा, तांबूस: मंगळ. तारे अजून यायचे होते. नवशिक्याला सगळ्यात सोपी वेळ हीच. सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटांत जे हजेरी लावतात त्यांत बहुतेक ग्रहच असतात. त्यांच्यासोबत अशा वेळी उमटणारा तारा म्हणजे दक्षिणेचा व्याध. पूर्ण अंधार पडल्यावर हजार ताऱ्यांच्या गर्दीत ग्रह हुडकणं नवख्याला उगीचच अवघड जातं.

"गेल्या वरसाला ड्रोनचं लई झालं होतं," दाजी शुक्राकडे बघत म्हणाले. "रातीचं पोरं काठ्या घिऊन फिरायची. डिसेंबरात ह्यालाच कुणीतरी ड्रोन म्हणालं. म्या म्हणलं, बे, हे तर रोज तिथंच हाय."

रोज तिथेच आहे हे दाजींना कसं ठाऊक? उत्तर विजेच्या वेळापत्रकात सापडलं. शेतीपंपाची लाईट आठवड्यातून काही दिवस रात्रीची असते. मग मोटर चालू करायला, पाण्याची बारी बदलायला रात्री रानात यावं लागतं. शहरातल्या हौशी माणसाला वर्षातून चार रात्री मिळतात, दाजींना नको असताना शंभर मिळतात. त्यांना नावं माहीत नव्हती, पण कोणता ठिपका कधी कुठे येतो याचा अंदाज पक्का होता. मृगातल्या ओळीने असलेल्या तीन ताऱ्यांना ते तिकांडं म्हणतात. तिकांडं कलतं कधी, यावर त्यांचं पाणी देण्याचं गणित चालतं. गुरूबद्दल म्हणाले, "ह्यो गेल्या साली हितं नव्हता. तिकडं, पश्चिमेच्या अंगाला होता."

खगोलशास्त्राचा पहिला धडा एवढाच आहे. तारे आपापसांतली जागा सोडत नाहीत, ग्रह सोडतात. ग्रीकांनीही त्यांना भटके म्हटलं ते यामुळेच. दाजींनी पुस्तकाशिवाय गुरूची वर्षभराची चाल टिपली होती. गुरू सूर्याभोवती एक फेरी बारा वर्षांत करतो, म्हणजे साधारण वर्षाला एक रास. फेब्रुवारीत तो वृषभेत, रोहिणीच्या जवळ होता. आदल्या वर्षी त्याच दिवसांत मेषेत, म्हणजे पश्चिमेच्याच अंगाला.

लुकलुक

सात वाजून गेल्यावर व्याध चांगलाच उजळला. भाचीने लगेच विचारलं, "मामा, हा ग्रह का नाही? हापण केवढा मोठा आहे."

प्रश्न रास्त होता. व्याध हा रात्रीच्या आभाळातला सगळ्यात तेजस्वी तारा. त्या दिवशी गुरू त्याच्या सुमारे दुप्पट तेजस्वी होता आणि शुक्र गुरूच्या दहापट. पण नुसत्या तेजावरून नवशिका फसतो. मी तिला दोघांकडे आळीपाळीने बघायला सांगितलं. व्याध थरथरत होता, क्षणात निळा, क्षणात पांढरा. गुरू पणतीची ज्योत काचेआड ठेवावी तसा स्थिर. तारा इतका दूर असतो की तो आपल्याला निव्वळ बिंदू दिसतो. बिंदूतून येणारा बारीकसा किरण हवेच्या थरांत सतत ढळतो, म्हणून लुकलुक. ग्रह जवळ आहे, डोळ्यांना कळत नसली तरी त्याला लहानशी चकती आहे. चकतीच्या एका कडेचा किरण ढळला तरी दुसरीकडचा पोचतो, म्हणून उजेड स्थिर राहतो.

'ग्रह लुकलुकत नाहीत' हे वाक्य मात्र शाळेच्या पुस्तकात असतं तितकं पक्कं नाही. नऊच्या सुमारास शुक्र क्षितिजाला टेकायला आला तेव्हा तोही थरथरला, लालसर-हिरवट झाला. क्षितिजाजवळ हवेचा थर जाड, त्यात दिवसभर तापलेली काळी जमीन. लुकलुकीची परीक्षा घ्यायची तर वस्तू निदान तीन मुठी वर असावी.

मुठीचं माप सांगायला हवं. हात सरळ लांब करून मूठ वळली की तिची रुंदी आभाळात सुमारे दहा अंश भरते. वीत ताणली तर वीस. दाजींची मूठ माझ्या दीडपट आहे, पण त्यांचा हातही लांब आहे, त्यामुळे हिशेब जुळतो. शुक्र सूर्यापासून ४७ अंशांपलीकडे, म्हणजे पावणेपाच मुठींपलीकडे कधी जात नाही. बुध २८ अंशांपलीकडे जात नाही. म्हणून मध्यरात्री डोक्यावर काही झळकत असेल तर ते शुक्र असणं शक्य नाही. नुसत्या या एका नियमाने निम्म्या चुका टळतात.

बुधाचं सांगायचं तर, सात वाजायच्या सुमारास बाभळीच्या शेंड्याजवळ एक ठिपका पाचेक मिनिटं दिसला. भाची म्हणाली बुध. असावा. त्याच्याच आसपास शनीही होता. सूर्याच्या इतका जवळ, संधिप्रकाशात इतका बुडालेला, की दुर्बिणीतही हाती लागला नाही. ज्याच्या नावाने घरात तेलाची बाटली आणून ठेवली होती, तो आमच्या समोरच मावळला आणि आम्हाला दिसला नाही.

एकच रस्ता

दुर्बीण शुक्रावर धरल्यावर दाजी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ह्यो चंद्र दावलाव व्हय?" शुक्राची बारीक कोर झाली होती. तो त्या दिवसांत पृथ्वी आणि सूर्य यांच्या मध्ये येत चालला होता. २३ मार्चला तो बरोबर मध्ये यायचा होता. त्याला चंद्रासारख्या कला असतात हे गॅलिलिओने १६१० साली पाहिलं. वळसंगला ते दाजींनी बैलगाडीच्या जूवर कोपर टेकून पाहिलं. कोपर टेकणं महत्त्वाचं, हात हलला की कोरीचा नुसता फराटा होतो.

मग मी त्यांना बोटाने रेघ ओढायला सांगितली. शुक्रापासून डोक्यावरच्या गुरूपर्यंत, तिथून मंगळापर्यंत. एकच कमान झाली. सूर्य जिथून गेला आणि चंद्र जिथून जातो, तोच हा रस्ता. ग्रह या वाटेपासून फार ढळत नाहीत. उत्तरेला सप्तर्षींजवळ किंवा दक्षिणेला पार खाली काही चमकलं, तर ते विमान असेल, उपग्रह असेल, तारा असेल, ग्रह नव्हे.

मराठी माणसाला इथे एक आयती सोय आहे आणि तिचा वापर आपण करत नाही. सत्तावीस नक्षत्रं म्हणजे या रस्त्यावरचे मैलाचे दगड. कृत्तिका, रोहिणी, पुनर्वसू, मघा, चित्रा, ज्येष्ठा ही नावं पेरणीच्या, पावसाच्या, जन्माच्या निमित्ताने घरात घेतलीच जातात. यांतले सात-आठ ठळक तारे एकदा ओळखीचे झाले की काम झालं. त्या वस्तीत एखादा जास्तीचा, न लुकलुकणारा पाहुणा दिसला की तो ग्रह. रोहिणी आणि ज्येष्ठा या दोघी तांबूस आहेत, मंगळ समजून फसवतात. रोहिणी कृत्तिकांच्या पुंजक्याशेजारी आणि ज्येष्ठा विंचवाच्या छातीत, जागा कधी बदलत नाहीत. जागा बदलली तर मंगळ.

फोनमधलं अ‍ॅप आहे की, असं कुणी म्हणेल. आमच्याकडेही होतं. दाजींच्या लोखंडी बाजेवर बसून भाचीने ते उघडलं, तर त्याने गुरूला भलतीकडेच दाखवलं. लोखंडाजवळ फोनमधलं होकायंत्र बिथरतं. शिवाय अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात आणि फोनचा पांढरा पडदा ती कमाई एका क्षणात घालवतो. अ‍ॅप संध्याकाळी घरीच बघून यावं.

पूर्ण अंधार असा वळसंगलाही उरलेला नाही. वायव्येला सोलापूरचा उजेड ढगासारखा वर आला होता. फताटेवाडीच्या औष्णिक वीजकेंद्राचा झगमगाट वेगळाच, तिथल्या लुकलुकत्या दिव्याला मी क्षणभर तारा समजलो. गावातल्या चौकात हायमास्ट लागला आहे. त्याबद्दल तक्रार करायला मन धजत नाही, कारण त्याच्या उजेडात बायका रात्री निर्धास्त येतात-जातात. दिव्यावर खाली वळलेलं झाकण असतं, तर दोन्ही साधलं असतं.

दृक्प्रत्यय

घरी परतलो तेव्हा ओट्यावर भजन रंगलं होतं. मी खुंटीवरचं पंचांग काढलं. ते दाते पंचांग होतं. शंभराहून अधिक वर्षं ते सोलापुरातूनच निघतं, त्यामुळे आमच्याकडे त्याला घरचं मानतात. त्यात गुरू-शुक्रांचे अस्त आणि उदय दिलेले असतात. लग्नाच्या तारखा काढताना 'अस्त आहे' म्हणून जे महिने वगळतात, ते याच नोंदींवरून. अस्त म्हणजे ग्रह सूर्याच्या इतका जवळ जातो की तेजात दिसेनासा होतो. नेमकं हेच आम्ही संध्याकाळी शनीच्या बाबतीत अनुभवलं होतं.

बहिणीला याचं नवल वाटलं. "म्हणजे हे सगळं खरंच वर असतं?"

पंचांग करणाऱ्यांना ते वरच असतं हे पक्कं ठाऊक होतं. गणेश दैवज्ञाने १५२० साली 'ग्रहलाघव' लिहिलं. ज्या-कोज्यांचं किचकट गणित टाळून ग्रहांची जागा काढायची सोपी रीत त्यात होती, आणि पुढची कित्येक शतकं मराठी पंचांगं तिच्यावर चालली. पण कोणत्याही रीतीत चूक साठत जाते. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारख्यांनी बोट ठेवलं ते इथे: कागदावरचा ग्रह आणि आभाळातला ग्रह जुळत नाहीत. तिथून मोठा वाद पेटला, टिळकही त्यात उतरले. बागलकोटला शिक्षक असलेल्या व्यंकटेश बापूजी केतकरांनी नव्याने सगळं गणित बांधलं. बागलकोट आमच्यापासून फार लांब नाही, होटगीहून विजापूरमार्गे जाणारी रेल्वे तिथूनच पुढे जाते. या केतकरांनी १९११ साली नेपच्यूनपलीकडे आणखी ग्रह असावेत असं मांडलं होतं. या सगळ्या भांडणातला कळीचा शब्द होता दृक्प्रत्यय. गणिताने काढलेलं डोळ्यांना दिसलं पाहिजे.

शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी तर सामान्य वाचकासाठी मराठीत आकाशदर्शनाचं पुस्तक लिहिलं, 'ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज'. पुण्यात १९४४ साली ज्योतिर्विद्या परिसंस्था निघाली, ती आजही काम करते. एवढी परंपरा हाताशी असताना आपण ग्रहांना कुंडलीच्या चौकटीत बसवलं आणि खिडकी लावून घेतली, हे मला पटत नाही. अव्वांच्या श्रद्धेशी माझं भांडण नाही. पण ज्याच्यासाठी शनिवार धरायचे त्याचं तोंड एकदा बघायला काय हरकत आहे?

साडेसातीचं गणितही आभाळातच आहे. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणजे एका राशीत अडीच वर्षं. आपली रास, तिच्या आधीची आणि नंतरची अशा तिघींचे मिळून साडेसात. हे अव्वांना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "म्हंजे त्यो मुंगीवानी चालतोय म्हण की." हो, तसाच चालतो. आणि २९ मार्चला, सगळा महाराष्ट्र त्याच्या राशीबदलावर बोलत असताना, शनी सूर्याच्या उजेडात गडप होता. १२ मार्चलाच तो सूर्याच्या पलीकडे गेला होता. तो दिवस उजाडला तेव्हा शनी कुणालाही दिसत नव्हता.

भाचीची वही

निघताना मी भाचीला एक काम दिलं. पुनर्वसूचे दोन तारे काढायचे आणि मंगळ त्यांच्यापासून कुठे आहे ते आठवड्यातून एकदा ठिपक्याने दाखवायचं. मंगळ २४ फेब्रुवारीपर्यंत वक्री होता, म्हणजे ताऱ्यांच्या मानाने उलटा, पश्चिमेकडे सरकत होता. आता तो थांबून वळला होता. वक्री हा शब्द ऐकून लोक दचकतात. पृथ्वी आतल्या वाटेने वेगात जाते, मंगळाला मागे टाकते, तेव्हा तो मागे गेल्यासारखा भासतो. एसटीने ट्रॅक्टरला ओलांडताना ट्रॅक्टर उलटा चालल्यासारखा दिसतो, तेवढीच गोष्ट.

दोन महिन्यांनी, २४ एप्रिलला संध्याकाळी पुन्हा गेलो. वहीत नऊ ठिपके होते. त्यांतला एक ढगाळ रात्री अंदाजे टाकलेला होता, तसं तिने प्रामाणिकपणे लिहिलं होतं. पहिले तीन ठिपके एकमेकांवर चढलेले, मग हळूहळू पूर्वेकडे सरकणारे, पुनर्वसूच्या खालून जाऊन पार कर्क राशीत. शेवटच्या ठिपक्यापाशी तिने लिहिलं होतं, 'सुटला'.

ढगांवरून आठवलं. सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेत. पाऊस हुलकावणी देतो म्हणून इथे शेतकरी हैराण असतो आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे शास्त्रज्ञ कृत्रिम पावसाचे प्रयोग करायला इथेच येऊन राहिले होते. आकाश बघणाऱ्याला मात्र हीच कोरडी हवा सोन्यासारखी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेल आणि पुण्याचे नायगमवाला आमच्याच जिल्ह्यातल्या जेऊरला तळ ठोकून होते. दाजींना हे सांगितलं. ते म्हणाले, "त्यांना पाऊस नको आसंल. आमाला पायजे."

बेळ्ळी चुक्की

त्या एप्रिलच्या मुक्कामाला आणखी एक निमित्त होतं. २५ एप्रिलच्या पहाटे शुक्र, शनी आणि चंद्रकोर मिळून आकाशात 'हसरा चेहरा' दिसणार, असा निरोप सगळ्यांच्या फोनवर फिरत होता. बहिणीच्या गल्लीतली पंधरावीस माणसं गजर लावून उठली. चेहरा काही दिसला नाही. एक तिरपा त्रिकोण होता: लखलखीत शुक्र, बारीक कोर आणि एक फिकट पिवळसर ठिपका. माणसं जांभया देत पांगली. असे निरोप पाठवणाऱ्यांवर माझा राग आहे. जे खरंच दिसणार असतं तेसुद्धा ते खोट्या आशेने नासवतात.

अव्वा अंगणात सडा टाकायला आल्या होत्या. पूर्वेला बघून त्या सवयीने म्हणाल्या, "बेळ्ळी मूडितु." चांदणी उगवली. कानडीत शुक्राला बेळ्ळी म्हणतात, चांदीलाही तोच शब्द. बेळ्ळी चुक्की उगवली की त्यांचे सासरे मोट जुंपायला निघत, असं त्यांनी सांगितलं. फेब्रुवारीत संध्याकाळी दिसलेला शुक्र तो हाच, हे त्यांना पटवायला मात्र वेळ लागला. मधल्या काळात तो सूर्यासमोरून या बाजूचा त्या बाजूला गेला होता.

मग मी त्यांना शुक्राच्या खालचा फिकट ठिपका दाखवला. "अव्वा, तो शनी."

त्यांनी बादली खाली ठेवली. हात जोडले. बराच वेळ बघितलं. "एवढाच?" त्या म्हणाल्या.

२०२५ च्या दिवाळीत

आता तुमच्याकडे येतो. २० ऑक्टोबर २०२५ ला नरक चतुर्दशी आहे. अभ्यंगस्नानाला उठालच, तर उटणं लावण्याआधी साडेपाचच्या सुमारास पाच मिनिटं गच्चीवर किंवा अंगणात जा. पूर्वेला, क्षितिजाजवळ जो झगमगतोय तो शुक्र. आता मान वर करा: जवळजवळ डोक्यावर, पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळचा तेजस्वी आणि स्थिर तो गुरू. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत शुक्र सूर्याआड असेल, तेव्हा बघायचा तर आत्ताच बघा. मंगळ आणि बुध सध्या संध्याकाळच्या उजेडात पश्चिमेला इतके खाली आहेत की त्यांचा नाद सोडलात तरी चालेल.

शनी संध्याकाळी आहे. कंदील लावून झाले की सात-साडेसातला पूर्व-आग्नेयेला, क्षितिजापासून चारेक मुठींवर बघा. त्या भागात ठळक तारे नाहीत, त्यामुळे एकटा, पिवळसर, न लुकलुकणारा तोच. कुणाकडे मोठी दुर्बीण असेल तर कडी मात्र यंदा एखाद्या रेघेसारखी बारीक दिसतील, कारण सध्या आपण त्यांच्याकडे कडेने बघतो आहोत. फटाक्यांचा धूर चढायच्या आत उरका.